देते किती, ओढते किती, मावतं किती

मराठी घरात नवी गाडी आली की पेढा तोंडात टाकायच्या आत पाहुणा विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" मारुती सुझुकीने याच प्रश्नावर जाहिरातींची मालिका केली आणि ती गाजली, कारण सगळ्या देशाचा प्रश्न तोच होता. पिकअपची चौकशी घरातला तरुण मुलगा करतो, तीही बरेचदा आपल्याला गाड्यांतलं कळतं हे सेल्समनला दाखवण्यापुरती. मागच्या सीटवर तिघं नीट बसतात का, आजीला चढता-उतरता येईल का, डिकीत काय मावतं, हे प्रश्न मात्र बुकिंगचे पैसे भरून झाल्यावर, डिलिव्हरीच्या दिवशी बोनेटला हार घालताना सुचतात. ॲव्हरेज, पिकअप, सोय असा हा क्रम. बहुतेक घरांसाठी तो नेमका उलटा असायला हवा, असं माझं मत आहे. ते पटवायचं तर या तिन्ही गोष्टी मोजल्या कशा जातात आणि एकीच्या पायी दुसरीतलं किती सोडावं लागतं, हे आधी पाहायला हवं.

आजचा क्रम टंचाईच्या काळातून आला आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी आणि बंगालमधल्या उत्तरपाऱ्याची ॲम्बेसेडर एवढ्यातच निवड होती, तेव्हा कोणती घेऊ यापेक्षा नंबर कधी लागेल याची चिंता मोठी होती. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, जेमतेम ३७ अश्वशक्ती. पण वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, त्यामुळे ती जड गाड्यांना सिग्नलवर मागे टाकायची आणि पेट्रोलही कमी प्यायची. हलकेपणामुळे ॲव्हरेज आणि पिकअप दोन्ही साधले. त्याची भरपाई जागेतून झाली. मे महिन्यात गावाला निघालेलं कुटुंब टपावर कॅरिअर लावायचं, त्यावर बॅगा रचायचं, वर ताडपत्री आवळायचं आणि तरीही एक पिशवी कोणाच्या तरी मांडीवर असायचीच.

१९९८च्या डिसेंबरात पिंपरीतून टाटांची इंडिका बाहेर पडली. रतन टाटांनी तिच्यासाठी ठेवलेलं सूत्र तेव्हा खूप गाजलं होतं: झेनएवढा आकार, ॲम्बेसेडरएवढी जागा, मारुती ८००च्या जवळपासची किंमत आणि डिझेलचा स्वस्त खर्च. जागा आणि काटकसर एकाच गाडीत आणण्याचा आपल्याकडचा हा पहिला धीट प्रयत्न. दम मात्र राहून गेला. टर्बो नसलेलं १.४ लिटरचं डिझेल इंजिन पन्नास-पंचावन्न अश्वशक्तीचं. पाच माणसं भरलेली इंडिका खंबाटकी चढायला लागली की चालक मुकाट्याने एसी बंद करायचा आणि मागचे काचा खाली करायचे. तरीही टॅक्सीवाल्यांनी ती डोक्यावर घेतली, कारण त्यांच्या धंद्याचं गणित जागा आणि इंधन या दोनच आकड्यांवर चालत होतं.

त्यानंतरच्या गाड्यांना आकार दिला तो अर्थ खात्याने. २००६च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या झाली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत, अशा गाडीला अबकारी कर कमी. झालं, सेडानच्या शेपट्या छाटल्या गेल्या. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बुटक्या डिकीच्या सेडान आणि आखूड एसयूव्ही या त्या ओळीची लेकरं आहेत. जीएसटीने ती रेघ कायम ठेवली आणि २२ सप्टेंबर २०२५पासून तर ती अधिक ठळक झाली: रेघेच्या आतल्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या गाडीला ४० टक्के. चार मीटरच्या आत पाच माणसं बसवायची, इंजिन १२०० सीसीच्या वर न्यायचं नाही आणि तरी गाडी पळाली पाहिजे, या कोंडीतून तीन सिलिंडरची छोटी टर्बो इंजिनं आली. शोरूममध्ये उभी असलेली गाडी आपल्या गरजेनुसार घडली असं आपल्याला वाटतं. ती निम्मी करनियमांनुसार घडलेली असते.

आता ॲव्हरेज. ब्रोशरमधला आकडा आला कुठून? पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था १९६६पासून उभी आहे, म्हणून गाडीवाले त्या आकड्याला सरसकट 'एआरएआय ॲव्हरेज' म्हणतात. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या आलेखाप्रमाणे चालवतात: थांबा, हळूहळू वेग घ्या, स्थिर ठेवा, पुन्हा थांबा. वीस मिनिटांच्या आत अकरा किलोमीटरही भरत नाहीत. वेग ९० किलोमीटरच्या वर जात नाही. एसी बंद. ना चढ, ना पाच माणसं, ना स्वारगेटची कोंडी. यात कोणाची फसवणूक नाही; सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजायच्या म्हणून हे माप केलं आहे. पण समृद्धी महामार्गावर मोटारींना १२०ची मुभा आहे आणि तो वेग या चाचणीने कधी पाहिलेलाच नाही. तिथला आकडा ब्रोशरशी जुळला नाही तर दोष ना कंपनीचा, ना गाडीचा.

या चाचणीत चांगले गुण मिळवण्यासाठी काय काय सोडावं लागतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे स्विफ्ट. जुन्या स्विफ्टमध्ये चार सिलिंडरचं १.२ लिटर इंजिन होतं, ९० अश्वशक्तीचं; मॅन्युअल गिअरला दावा २२.३८ किलोमीटरचा. २०२४च्या स्विफ्टमध्ये एक सिलिंडर कमी झालं, अश्वशक्ती ८२वर आली आणि दावा चढून २४.८० झाला. कागदावर मोठी झेप. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणाऱ्या घराने हिशेब करून पाहावा: दोन्ही दावे जसेच्या तसे खरे धरले तरी वर्षाला ४४ लिटर पेट्रोल वाचतं. १०५ रुपये दर धरला तर साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला चारशे रुपये. चौघं एकदा मिसळ खाऊन आले की ते संपले. त्या बदल्यात इंजिनाचं ते गुळगुळीत फिरणं गेलं. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्यावर सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनाची सरकारी मर्यादा आहे आणि २०२२-२३पासून ती आणखी कडक झाली. तिचं गणित लाखो गाड्यांचं असतं, आपलं एका गाडीचं.

दुसरं उदाहरण याहून चमत्कारिक. २०२४च्या क्रेटाच्या साध्या दीड लिटर पेट्रोलला, ११५ अश्वशक्तीला, मॅन्युअल गिअरमध्ये दावा १७.४चा, त्याच गाडीच्या १६० अश्वशक्तीच्या टर्बोला ऑटोमॅटिक गिअरसह दावा १८.४चा. ताकद जास्त आणि ॲव्हरेजही जास्त! चाचणीच्या संथ आलेखात टर्बोला जोर लावावाच लागत नाही, इंजिन कमी फेऱ्यांत आरामात फिरतं आणि आकडा छान येतो. तीच गाडी एक्स्प्रेसवेवर उजव्या पायाने हाकली की टर्बो हवा कोंबतो, हवेच्या प्रमाणात पेट्रोल जातं आणि आकडा दहा-अकरावर येऊन बसतो. साध्या इंजिनाचं ॲव्हरेज चालकागणिक एवढं हेलकावत नाही. म्हणून टर्बो गाडीचं ॲव्हरेज मित्राला विचारण्यात फारसा अर्थ नाही; मित्र चालवतो कसा, ते विचारावं.

स्वतःच्या गाडीचा आकडा काढायची पद्धत जुनीच आहे आणि तीच खरी. टाकी फुल करायची, नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा टाकी फुल, आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक गाड्यांत थोडा गोड बोलतो. प्रत्येक सोसायटीत डायरी ठेवणारे एक निवृत्त काका असतात. गाडीबद्दल त्यांचा शब्द मी कोणत्याही यूट्यूबरच्या वर मानतो.

किलोमीटर-प्रति-लिटर या मापातही एक खोच आहे. दहाची गाडी बाराची झाली तर फरक दोनचा, विसाची पंचवीसची झाली तर पाचचा. आपल्याला दुसरी सुधारणा मोठी वाटते. पण दहा हजार किलोमीटरला पहिल्या प्रकारात १६७ लिटर वाचतात, दुसऱ्यात फक्त १००. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल या अभ्यासकांनी २००८मध्ये 'सायन्स'मध्ये या भ्रमावर लेख लिहिला होता. आपल्याकडचा अर्थ उघड आहे. मोठी, पेट्रोल पिणारी गाडी घेणाऱ्याने एकेका किलोमीटरसाठी घासाघीस करावी. छोट्या हॅचबॅकवाल्याने २२ की २४ यावर झोप घालवू नये. होतं नेमकं उलट.

त्यात इथेनॉलची भर पडली. आपल्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यातूनही येणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींना सहा-सात टक्के फटका बसेल असं म्हटलं होतं. स्विफ्टने एक सिलिंडर सोडून जे कमावलं, त्याच्या निम्म्याहून जास्त अशा जुन्या गाडीत टाकीतच जातं म्हणायचं.

शिवाय गाडीच्या खर्चात इंधन हा सगळ्यात मोठा खर्च नसतो. हिशेबाला एक साधी गाडी घेऊ: ऑन-रोड बारा लाख, सहा वर्षं, साठ हजार किलोमीटर, आणि विकताना पाच लाख आले. सात लाख नुसते किमतीत विरघळले. किलोमीटरला जवळजवळ बारा रुपये. इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर यांचे चार रुपये. पेट्रोलचे, १५चं ॲव्हरेज धरून, सात रुपये. आता १५ऐवजी १७ देणारी गाडी घेतली तर सहा वर्षांत पन्नास हजारांच्या आत बचत. सनरूफसाठी वरचं व्हेरिअंट घेऊन लाखभर जास्त मोजणारा माणूस पाहुण्यांना मात्र अभिमानाने ॲव्हरेज सांगतो, हे मला नेहमी मजेशीर वाटत आलं आहे.

हा हिशेब उलटतो तो रनिंग वाढलं की. औषध कंपनीचा प्रतिनिधी, साइटवर फिरणारा कंत्राटदार, पनवेलहून रोज ठाण्याला जाणारा नोकरदार यांचं वर्षाचं रनिंग पंचवीस-तीस हजार. त्यांच्यासाठी ॲव्हरेजच सगळं आहे आणि त्यांचं उत्तर आज बहुधा सीएनजी. वॅगनआर १.० चा पेट्रोलवरचा दावा २४.३५, सीएनजीवर किलोला ३४.०५. यात जादू काही नाही. एक किलो गॅसमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दीडपट ऊर्जा असते. जादू आहे ती दरात. रस्त्यावर पेट्रोलला १८ आणि गॅसला २६ धरले, गॅसचा दर ८० रुपये धरला, तर किलोमीटरमागे पावणेतीन रुपये वाचतात. सीएनजीसाठी मोजलेले लाखभर रुपये पस्तीस-चाळीस हजार किलोमीटरमध्ये वसूल. प्रतिनिधीला दीड वर्ष लागेल, वर्षाला आठ हजार चालवणाऱ्याला साडेचार, आणि मधल्या काळात पंपावरच्या रांगा आणि तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट. ताकदही जाते: वॅगनआरचे ६७ गॅसवर ५७ होतात. शहरात ते जाणवत नाही. घाटात जाणवतं.

म्हणजे आता पिकअपकडे वळायला हरकत नाही. या शब्दाला आपल्याकडे छचोरपणाचा वास येतो. पिकअप मागणारा म्हणजे सुसाट जाणारा. हा गैरसमज आहे. सपाट रस्त्यावर शंभरच्या वेगाने जायला छोट्या गाडीला पंधरा-वीस अश्वशक्ती पुरते. बाकीची साठ कशाला असते? चढायला आणि ओव्हरटेक करायला. आणि या दोन्ही वेळी गाडीत कोण कोण बसलंय यावर सगळं ठरतं.

स्विफ्टचं रिकामं वजन ९२० किलोच्या आसपास. टेस्ट ड्राइव्हला तुम्ही आणि सेल्समन असे दोघं. रस्ता शोरूमसमोरचा, सपाट. गणपतीला कोकणात निघताना त्याच गाडीत पाच माणसं, बॅगा, मखराचं सामान, परतताना नारळ आणि तांदळाचं पोतं. चारशे किलो सहज होतात. गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक! घेताना जी गाडी चालवून पाहिली आणि ताम्हिणीत जी चालवतो, त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

घाटाचं गणित मांडून पाहण्यासारखं आहे. खोपोली ते लोणावळा चढण सुमारे साडेपाचशे मीटरची. माणसांसह तेराशे किलोची गाडी तेवढी उचलायला सत्तर लाख ज्यूल ऊर्जा लागते. लिटरभर पेट्रोलमध्ये ३.२ कोटी ज्यूल असतात खरे, पण चाकांपर्यंत त्यातला पाव ते एक तृतीयांश हिस्साच पोचतो. म्हणजे वारा आणि घर्षण सोडून, नुसतं वर जायला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल. ते वाचवता येत नाही, कोणतंही इंजिन असो. फरक पडतो तो ही ऊर्जा किती वेळात आणि किती आरडाओरडा करून मिळते यात.

तिथे अश्वशक्तीपेक्षा टॉर्कचा आकडा, आणि त्याहूनही तो किती आरपीएमला मिळतो हे, बघावं. मारुतीच्या फ्रॉन्क्सची दोन इंजिनं शेजारी ठेवली की मुद्दा कळतो. साध्या १.२ लिटरला ११३ न्यूटन-मीटर, तेही ४४०० आरपीएमला; एक लिटर टर्बोला १४८, आणि ते २००० आरपीएमपासून. दावा अनुक्रमे २१.७९ आणि २१.५, म्हणजे जवळपास सारखाच. पण भरल्या गाडीने चढावर ट्रकला ओलांडायचं तर पहिल्या गाडीला दुसऱ्या गिअरवर आणून इंजिन किंचाळू द्यावं लागतं, मागची मंडळी बोलायची थांबतात. दुसरी तिसऱ्यावरच निघून जाते. समोरून एसटी येत असताना उजव्या बाजूला घालवलेले ते तीन-चार सेकंद म्हणजे पिकअप. याला मी चैन म्हणायला तयार नाही. आणखी एक: महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर आहे आणि दर हजार मीटरला साधं इंजिन दहा टक्के ताकद गमावतं. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो.

उलट बाजूही आहे. शहरात रोज दहा-बारा किलोमीटर, वर्षातून एखादी मोठी सहल, असं ज्याचं चालवणं, त्याने १६० अश्वशक्तीचे पैसे का मोजावेत? कोथरूडहून डेक्कनला जाताना क्रेटाचा टर्बो आणि वॅगनआर एकाच रिक्षाच्या मागे उभे असतात. आणि वेगाची हौस असलेल्यांनी वाऱ्याचं गणितही ध्यानात ठेवावं. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: शंभरवरून एकशेवीसवर गेलात की तो ४४ टक्क्यांनी चढतो आणि पेट्रोल पाव ते तिसऱ्या हिश्शाने जास्त लागतं. उंच, चौकोनी एसयूव्हीला हा दंड अधिक. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर समृद्धीवरून थारने जाणं आणि सेडानने जाणं यातला फरक टोलनाक्यावर कळत नाही, पंपावर कळतो.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात. २०१४मध्ये सेलेरिओने एएमटी आणली आणि मॅन्युअलच्या ॲव्हरेजमध्ये ऑटोमॅटिकची सोय मिळाली. गिअर बदलताना ती डुलकी घेते, पण कोंडीत डावा पाय सुटतो हे सुख मोठं. ड्युअल क्लच झटपट, पण तासन्‌तास हाफ क्लचसारखं रेंगाळणं त्याला मानवत नाही. रोजच्या मुंबई-पुण्याच्या कोंडीसाठी जुना टॉर्क कन्व्हर्टर मला सगळ्यात भरवशाचा वाटतो, दोन किलोमीटर कमी देत असला तरी.

राहिली सोय, आणि खरा मजकूर इथेच आहे. हिचा आकडा नसतो, म्हणून ब्रोशरमध्ये ती दोन ओळींत उरकते. डिकीचे लिटर लिहिलेले असतात, पण लिटर फसवतात. डिकीचं तोंड किती रुंद, उंबरा किती उंच, मागची सीट ६०:४० दुमडते की अख्खी, यावर व्हीलचेअर किंवा बाळाची गाडी मावेल की नाही हे ठरतं. टाटा नॅनोला सुरुवातीला मागून उघडणारं दारच नव्हतं. सामान ठेवायचं तर मागची सीट पाडायची. ते दार २०१५मध्ये आलं, तोवर फार उशीर झाला होता. स्वस्तात स्वस्त गाडीच्या गिऱ्हाइकालाही पोतं ठेवायचं असतं.

काटकसर नेमकी डिकीतूनच वसूल होते, हे कोणी ठळकपणे सांगत नाही. सीएनजीची टाकी डिकीत. टाटांनी २०२३पासून एकाऐवजी दोन छोट्या टाक्या तळाशी आडव्या घातल्या तेव्हा कुठे बॅगांना जागा झाली. तरीही पंचची ३६६ लिटरची डिकी सीएनजीत २१०ची होते. स्ट्राँग हायब्रिडची बॅटरीही मागेच. ग्रँड विटाराची डिकी ३७३वरून २६५वर येते, होंडा सिटीची ५०६वरून ३०६वर. हायब्रिड ग्रँड विटाराचा २७.९७चा दावा ऐकून मान डोलावताना शंभर लिटर डिकी गेली हे कोणाच्या लक्षात येत नाही, एअरपोर्टला निघेपर्यंत. अर्थात कोंडीत इंजिन बंद ठेवून विजेवर सरकणारी गाडी मुंबईसाठी खरोखर उपयोगी आहे, यात शंका नाही. हायवेवर तिचा फायदा बराच आटतो.

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडाही असाच बघून घ्यावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे सावकाश चढणारा हवा. गावाकडचा गतिरोधक एका रात्रीत, कोणाच्या तरी घरासमोर, ट्रॅक्टरभर मुरमाने तयार होतो. १६५ मिलिमीटरची सेडान पाच माणसं बसल्यावर खाली दबते आणि त्यावर घासते. एसयूव्हीची लाट निव्वळ दिखाव्याची आहे असं म्हणणाऱ्या टीकाकारांनी एकदा पावसाळ्यानंतर परभणी-गंगाखेड बाजूला सेडान घेऊन जावं. शिवाय उंच सीटवर गुडघे दुखणारी माणसं वाकून बसत नाहीत, नुसती टेकतात. वॅगनआर इतकी वर्षं खपते त्यात या उंचीचा वाटा मोठा आहे.

पण उंची शहरात आडवी येते. पुण्या-मुंबईच्या नव्या सोसायट्यांत यांत्रिक पार्किंग असतं, एकावर एक पाळणे. बऱ्याच पाळण्यांत उंच एसयूव्ही बसत नाही, वजनाचीही मर्यादा असते, आणि इलेक्ट्रिक गाडी तर त्याच पेट्रोल गाडीपेक्षा काही क्विंटल जड. गाडी बुक करायच्या आधी वॉचमनकडून त्या पाळण्याची उंची, रुंदी आणि वजनाची पाटी बघून घ्यावी. पेठेत राहणाऱ्याने गाडीची रुंदी बघावी, आरसे उघडे धरून. वॅगनआर १६२० मिलिमीटर, क्रेटा १७९०. सतरा सेंटिमीटर म्हणजे काय, ते बोळात समोरून छोटा हत्ती आला की उमगतं.

सुरक्षितता सोयीतच धरावी. अपघात-चाचणीवरून गाड्यांना तारे देणारा भारत एनकॅप हा कार्यक्रम ऑक्टोबर २०२३पासून सुरू झाला आहे. दणकट म्हणजे जड आणि जड म्हणजे ॲव्हरेज कमी, हे समीकरण बऱ्याच अंशी खरं, पण अटळ नाही: २०२४ची डिझायर हलकी आहे, ॲव्हरेजची आहे आणि ग्लोबल एनकॅपमध्ये पाच तारे घेऊन आली. तेव्हा "हलकी गाडी म्हणजे पत्रा" हे वाक्य आता मागे ठेवायला हरकत नाही.

डिझेलचं काय? लांब पल्ला, भरलेली गाडी, वर्षाला वीस हजारांच्या वर रनिंग असेल तर आजही डिझेलला तोड नाही. क्रेटाचं डिझेल २५० न्यूटन-मीटर देतं आणि दावा २१.८चा, ताकद आणि काटकसर एकत्र हवी असेल तर हेच. पण किंमत दीड लाखाने जास्त, महाराष्ट्रात रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त, आणि बीएस-सहाच्या डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर तापावी लागते. मुलांना शाळेत सोडणं आणि भाजी आणणं एवढंच काम असेल तर तो तुंबतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मारुतीने एप्रिल २०२०मध्ये डिझेल सोडलं ते उगाच नव्हे.

इलेक्ट्रिक गाडीने या जुन्या ओढाताणीची एक गाठ सोडवली: ताकद आणि काटकसर यांचं भांडण तिथे जवळजवळ मिटतं. पूर्ण टॉर्क पहिल्या क्षणापासून, घरच्या विजेवर किलोमीटरला दीड-दोन रुपये, आणि खंडाळ्याचा घाट उतरताना चढताना गेलेल्यातला बराच भाग बॅटरीत परत. भांडण सरकतं ते सोयीकडे. स्वतःच्या पार्किंगमध्ये मीटर घेता येत असेल आणि रोजचं येणं-जाणं शंभर किलोमीटरच्या आत असेल तर आज शहरात याहून शहाणी गाडी नाही. सोसायटीच्या बैठकीत चार्जरचा विषय तीन वेळा पुढे ढकलला गेला असेल तर घेऊ नये. बाहेरच्या चार्जिंगवर जगणाऱ्याची बचत आणि सुट्टी दोन्ही त्यातच जातात.

इतकं पाहून झाल्यावर मला कोणी विचारलं, तर मी आधी आकडे विचारत नाही. गाडीत नेहमी किती जण बसतात, रात्री ती कुठे उभी राहते, वर्षाला किती चालते आणि भरून जाते तेव्हा कुठल्या घाटातून जाते, हे विचारतो. यातच निवड तीन-चार गाड्यांवर येते. त्यांतून भरल्यावर जी दमत नाही ती उचलायची, आणि दोन उरल्या तर मग ॲव्हरेज बघायचं. चौघांचं शहरी कुटुंब, आठ-दहा हजार रनिंग, अधूनमधून गाव, असं असेल तर चार मीटरच्या आतली, टर्बो पेट्रोलची, सीट उंच असलेली गाडी मी सुचवतो आणि ॲव्हरेज विचारलं की "शहरात बारा-तेरा" असं खरं सांगतो. तोंड थोडं पडतं. गावाकडे रोज धावणारं घर असेल तर डिझेल, आणि त्यातही तालुक्याच्या गॅरेजला जिचे पार्ट मिळतात अशी. नाशिकला बनणारी बोलेरो पंचवीस वर्षं टिकली ती याच गुणावर, दिसण्यावर नव्हे.

आणि टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नये. शोरूमवाले कुरकुरतात, पण रविवारऐवजी मधल्या वारी दुपारी गेलं तर ऐकतात. घरातले सगळे न्यावेत, सगळ्यात जाड माणसाला मागे मधे बसवावं, घरची सगळ्यात मोठी बॅग डिकीत घालून झाकण लावून बघावं, आणि एसी पूर्ण चालू ठेवून जवळचा एखादा चढ, नसेल तर उड्डाणपूल, अर्ध्यावर थांबून पुन्हा चढावा. पुण्यात राहत असाल तर कात्रजचा जुना घाट फार लांब नाही.